जुनी नळी, नवा जोड आणि ‘वीस एमएम’चे कोडे

देहूरोड परिसरातील विकासनगर, किवळे, मामुर्डी या भागांत किंवा कटक मंडळाच्या हद्दीतील जुन्या चाळींत पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच्या एखाद्या घराची पाण्याची नळी फुटते, तेव्हा पुढचा क्रम बहुधा ठरलेला असतो. घरातील कोणीतरी फुटक्या नळीचा वीतभर तुकडा कापून घेतो आणि मेन बाजारातील हार्डवेअरच्या दुकानाकडे धावतो. दुकानदार तुकडा बोटांत फिरवून पाहतो, ‘वीस एमएम’ असे म्हणतो आणि एक कपलर पुढे करतो. घरी आल्यावर तो कपलर नळीवर एक तर चढतच नाही, नाही तर चढून डगडगतो. मग दुसरी खेप, तिसरी खेप; तोवर पाणी सुटण्याची वेळ होऊन जाते. अखेर मिस्त्री नळीचे टोक मेणबत्तीवर धरून फुगवतो, दुसरी नळी त्यात खुपसतो, वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी करकचून गुंडाळतो आणि बांधणीच्या तारेने आवळतो. हा जोड तात्पुरता असतो; म्हणजे पुढील दहा वर्षे तो तसाच राहतो.

हे केवळ गैरसोयीपुरते असते, तर त्याविषयी फारसे लिहिण्याचे कारण नव्हते. परंतु ज्या वस्त्यांत पाणी दिवसातून काही तासच येते, तेथे गळक्या जोडाचा अर्थ निराळा होतो. पाणी चालू असताना आतील दाबामुळे फटीतून पाणी बाहेर पडते. ते आपल्याला दिसते आणि त्याची हळहळही वाटते. पाणी बंद झाल्यावर मात्र नळी रिकामी होऊ लागते, आत ओढ निर्माण होते आणि त्याच फटीतून भोवतालचे पाणी आत शिरते. नळी गटाराच्या कडेने गेली असेल, आणि दाट वस्तीत ती तशीच गेलेली असते, तर आत शिरणारे पाणी कोणते, हे सांगण्याची गरज नाही. दुसऱ्या दिवशी नळाला पहिल्यांदा येणारी गढूळ धार हा त्याचाच पुरावा असू शकतो. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गुइलेन-बॅरे सिंड्रोमचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले, तेव्हा संशयाची सुई दूषित पाण्याकडेच वळली होती. त्या आजाराचे मूळ एखाद्या घरगुती जोडात होते, असे कोणी म्हणणार नाही. पण शुद्धीकरण केंद्रातून निघालेले पाणी घरच्या हंड्यापर्यंत तितकेच शुद्ध पोचते की नाही, हे शेवटच्या शंभर फुटांतील नळी आणि तिचे जोडही ठरवतात, एवढे त्या वेळी अनेकांच्या लक्षात आले.

शिवाय हे पाणी सहज मिळालेले नाही. पवना धरणातून नदीत सोडलेले पाणी रावेतच्या बंधाऱ्यापाशी उचलून निगडीत शुद्ध करून पिंपरी-चिंचवडला पुरवले जाते. तेच पाणी थेट धरणातून बंद जलवाहिनीने शहरात आणण्याच्या योजनेला मावळातील शेतकऱ्यांचा विरोध होता आणि ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथील आंदोलनात पोलीस गोळीबारात तीन जणांना प्राण गमवावे लागले. ज्या पाण्यासाठी एवढे घडले, ते ट्यूबच्या पट्टीतून ठिबकत राहावे, हे काही शोभादायक नाही.

एकाच नावाची तीन मापे

कपलर न बसण्याचा दोष दुकानदाराचा नसतो आणि गिऱ्हाइकाचाही नसतो. घोळ मापाच्या नावात आहे.

लोखंडी नळी तिच्या आतील पोकळीवरून ओळखली जाते. ‘अर्धा इंची’ किंवा ‘१५ एमएम’ म्हणजे साधारण तेवढी पोकळी. तिचा बाहेरचा व्यास २१.३ मिलिमीटर असतो. ‘पाऊण इंची’ नळी म्हणजे २० एमएमची पोकळी आणि बाहेरून सुमारे २७ मिलिमीटर. ही पद्धत इंग्रजांच्या काळापासूनची. १९५६ च्या वजनमापांच्या कायद्यानंतर देशात दशमान पद्धत आली, इंच कागदावरून गेला. नळकाम करणाऱ्याच्या पिशवीतून मात्र तो कधीच गेला नाही.

राखाडी पीव्हीसी नळी आली ती अगदी वेगळ्या मोजणीने. भारतीय मानक आयएस ४९८५ नुसार ही नळी बाहेरच्या व्यासावरून ओळखली जाते. २०, २५, ३२, ४०, ५०, ६३, ७५, ९०, ११० हे आकडे बाहेरून मोजलेल्या मिलिमीटरचे आहेत. कमी दाबाची नळी असो की अधिक दाबाची, बाहेरचा व्यास तोच राहतो. जाडी वाढते ती आतील बाजूने. म्हणून एकाच मापाचा कपलर सगळ्या दाबांच्या नळ्यांवर बसतो. या पद्धतीत लोखंडी अर्ध्या इंचाची जागा २० एमएमच्या नळीने घेतली. म्हणजे ‘वीस एमएम’ हा शब्द लोखंडाच्या दुकानात पाऊण इंचासाठी आणि शेतीच्या पाइपाच्या दुकानात अर्ध्या इंचासाठी वापरला जाऊ लागला. येथेच पहिली ठेच लागते.

दुसरी ठेच पांढऱ्या यूपीव्हीसी नळीने लावली. इमारतींच्या नळकामासाठी आलेली ही ‘शेड्यूल ४०’ किंवा ‘शेड्यूल ८०’ नळी अमेरिकी मानकावर बेतलेली आहे. तिचे बाहेरचे माप मुद्दामच लोखंडी नळीइतके ठेवलेले असते: अर्धा इंची २१.३, पाऊण इंची २६.७, एक इंची ३३.४ मिलिमीटर. तिसरी ठेच फिकट पिवळसर, हस्तिदंती रंगाच्या सीपीव्हीसी नळीची. गरम पाण्यासाठी वापरली जाणारी ही नळी तांब्याच्या नळीच्या मापांवर आधारलेली आहे. तिचा अर्धा इंच बाहेरून १५.९ मिलिमीटर, पाऊण इंच २२.२ आणि एक इंच २८.६ मिलिमीटर भरतो. सीपीव्हीसीवर ‘२० एमएम’ असे छापलेले असले, तर ती पाऊण इंची असते आणि बाहेरून २२.२ मिलिमीटर असते.

आता दुकानातील प्रसंग पुन्हा डोळ्यांसमोर आणावा. तुकडा २० मिलिमीटरचा राखाडी. दुकानात हल्ली पांढरा आणि पिवळसर मालच अधिक खपतो. अर्ध्या इंचाचा पांढरा कपलर दिला, तर नळी त्यात १.३ मिलिमीटर सैल राहते. ही फट सोल्युशन ओतून भरून निघेल, असे अनेकांना वाटते. पण ते भरून निघत नाही, हे पुढे स्पष्ट होईल. अर्ध्या इंचाचा सीपीव्हीसी कपलर दिला, तर नळी त्यात शिरतच नाही.

देहूरोडच्या आसपास हा घोळ विशेष दिसतो, त्याला या भागाची घडण कारणीभूत आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात येथे लष्करी आगारे उभी राहिली. तेव्हाच्या वसाहतींत अर्थातच लोखंडी नळ्या होत्या. त्याच्या पलीकडची किवळे, मामुर्डी, रावेत, तळवडे ही शेतीची गावे. तेथे विहिरीवरून आणि नदीवरून पाणी आणणारी राखाडी पीव्हीसी नळी घरोघर परिचयाची होती. १९९७ मध्ये यांसारखी गावे पिंपरी-चिंचवड महापालिकेत आली, शेतांचे गुंठे पडले, कामगारांनी घरे बांधली आणि शेतातली स्वस्त नळी घरात शिरली. पुढे मजले चढले तशी पांढरी नळी आली, न्हाणीघरात गिझर बसला तशी पिवळसर आली. एकाच घरात चार पिढ्यांच्या नळ्या एकमेकींना जोडलेल्या सापडतात. गंमत म्हणजे तळेगावच्या पुढे उर्से येथे फिनोलेक्स इंडस्ट्रीजचा पीव्हीसी पाइपांचा कारखाना आहे. नळीच्या मूळ गावापासून इतक्या जवळ राहूनही नेमका कपलर शोधण्यासाठी निगडी-आकुर्डीपर्यंत वळसा घालावा लागतो.

कागदाची पट्टी आणि टाचणी

नळीवर छापील मजकूर शिल्लक असेल, तर प्रश्नच मिटतो. आयएसआय चिन्ह, मानकाचा क्रमांक, बाहेरचा व्यास आणि दाबाची श्रेणी ठरावीक अंतराने छापलेली असते. उघड्यावरच्या नळीवरील शाई उन्हाने उडून जाते. पण भिंतीकडच्या बाजूला, पकडीच्या क्लिपखाली किंवा मातीत गाडलेल्या भागावर ओल्या फडक्याने पुसून पाहिल्यास अक्षरे पुष्कळदा दिसतात. भिंग किंवा मोबाइलचा कॅमेरा त्या कामी येतो.

मजकूर नसेल, तर माप घ्यावे. साध्या पट्टीने नळीच्या तोंडावर घेतलेले माप फसवे असते, कारण जुनी नळी थोडीफार चपटी झालेली असते. त्यापेक्षा परीघ मोजावा. वहीच्या कागदाची बोटभर रुंदीची पट्टी कापून नळीभोवती घट्ट गुंडाळावी, जेथे कागदावर कागद येतो तेथे टाचणीने दोन्ही थरांतून टोचावे आणि पट्टी उलगडून दोन छिद्रांमधील अंतर मोजावे. नळी चपटी झाली तरी परीघ फारसा बदलत नाही. हे अंतर ६३ मिलिमीटर आले, तर नळी २० ची राखाडी. ७८ ते ७९ आले तर २५ ची. १०० च्या किंचित पुढे आले तर ३२ ची. ६७, ८४ किंवा १०५ आले तर ती अनुक्रमे अर्धा, पाऊण किंवा एक इंची पांढरी यूपीव्हीसी, अथवा रंग दिलेली लोखंडी नळी. आणि ५०, ७० किंवा ९० आले तर ती त्याच क्रमाने सीपीव्हीसी. ६३ आणि ६७ यांत चार मिलिमीटरचा फरक आहे. व्यासात तो सव्वा मिलिमीटरचाच असल्याने डोळ्याला दिसत नाही. कागदाच्या पट्टीवर मात्र लपत नाही. दुकानात जाताना ही पट्टी आणि नळीचा तुकडा दोन्ही बरोबर न्यावीत.

माप समजले तरी द्रव्य समजायला हवे, कारण काही मापे योगायोगाने जुळतात. ठिबक सिंचनाची काळी नळी १६ मिलिमीटरची असते आणि अर्धा इंची सीपीव्हीसी १५.९ मिलिमीटरची. एकीचा जोड दुसरीवर चढतो, सोल्युशनही लावता येते आणि पाणी सोडताच जोड निसटून पडतो. कारण ठिबकची नळी पॉलिथिनची असते आणि पॉलिथिनला कोणतेही सोल्युशन धरत नाही. काळ्या एचडीपीई नळीचेही तसेच. तिची मापे राखाडी पीव्हीसीप्रमाणेच २०, २५, ३२ अशी असल्याने फसगत अधिक होते. जुनी माणसे या काळ्या नळीला अजूनही ‘अल्काथीन’ म्हणतात. ब्रिटनमधील आयसीआय कंपनीच्या पॉलिथिनचे ते व्यापारी नाव होते.

ओळखण्याची खूण सोपी आहे. नळीचा नखाएवढा तुकडा पाण्याच्या पेल्यात टाकावा. पॉलिथिन तरंगते, पीव्हीसी आणि सीपीव्हीसी बुडतात. हिरव्या रंगाची पीपीआर नळीही तरंगते. तिचे जोड तापवून वितळवावे लागतात, ते यंत्र असलेल्या कारागिराचेच काम. पॉलिथिन नखाने ओरखडते, मेणासारखे गुळगुळीत लागते आणि सुरीने तासल्यास त्याची लांब वळी निघते. पीव्हीसी कठीण असते, ठोकल्यावर खणखण वाजते. जाळून वास घेण्याची पद्धत काही मिस्त्री वापरतात, ती टाळावी. पीव्हीसी जळताना निघणारा वायू फुप्फुसांना घातक असतो आणि पाण्याच्या पेल्याने तेच काम बिनधोक होते.

रंगावर भिस्त ठेवू नये, हे परदेशातील एका उदाहरणावरूनही पटेल. अमेरिकेत १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत लाखो घरांत राखाडी नळ्या बसवल्या गेल्या. त्या पीव्हीसीच्या नव्हत्या, पॉलिब्युटिलीनच्या होत्या. त्या आणि त्यांचे जोड फुटू लागले, प्रकरण न्यायालयात गेले आणि १९९५ मध्ये मोठी भरपाई द्यावी लागली. राखाडी दिसली म्हणून ती पीव्हीसीच, असे तेथील नळकाम करणारा आता मानत नाही.

आणखी एक इशारा याच ठिकाणी द्यायला हवा. विजेच्या तारांसाठी भिंतीत बसवतात ती पीव्हीसी नळीही बाहेरून २० आणि २५ मिलिमीटरचीच असते. प्लास्टर फोडल्यावर दिसणारी नळी पाण्याचीच आहे, याची खात्री होईपर्यंत तिला करवत लावू नये. मेन स्विच बंद करूनच हात घालावा. उलट बाजूने, स्वस्त पडते म्हणून विजेची नळी पाण्यासाठी वापरल्याचेही जुन्या घरांत आढळते. तिला ना दाबाची हमी, ना पिण्याच्या पाण्याची. ती सापडली तर जोडत बसू नये, काढून टाकावी.

सोल्युशन हा डिंक नव्हे

पीव्हीसीच्या जोडासाठी वापरतात त्या द्रवाला बाजारात सोल्युशन म्हणतात आणि बहुतेकांच्या मनात तो एक प्रकारचा डिंक असतो. वस्तुतः तो चिकटवत नाही, विरघळवतो. नळीचा बाहेरचा आणि कपलरचा आतला पृष्ठभाग तो क्षणभर मऊ करतो, दोन्ही पृष्ठभाग एकमेकांत मिसळतात, द्रावक उडून जातो आणि दोहोंचा एकच कठीण भाग बनतो. त्यासाठी दोन्ही पृष्ठभाग एकमेकांना टेकलेले असावे लागतात. सैल कपलरमध्ये ते टेकतच नाहीत; मध्ये राहतो तो नुसता वाळलेला द्रव, आणि तो दाब सोसत नाही. म्हणूनच २० च्या नळीवर २१.३ चा कपलर कितीही सोल्युशनने धरत नाही.

योग्य कपलर कोरडाच चढवून पाहावा. तो खोलीच्या एक तृतीयांश ते दोन तृतीयांश सहज जावा आणि पुढे घट्ट व्हावा. कोरडाच थेट तळापर्यंत गेला, तर तो सैल समजावा.

जुन्या नळीच्या बाबतीत खरे कष्ट सोल्युशन लावण्याआधी असतात. उन्हात वर्षानुवर्षे राहिलेल्या पीव्हीसीचा वरचा थर खडूसारखा भुकटा होतो. त्यावर लावलेले सोल्युशन त्या भुकटीला धरते, नळीला नाही. बारीक पॉलिश पेपरने तो थर घासून खालचा मूळ रंग उघडा करावा, पण घासता घासता व्यास कमी होऊ देऊ नये. अशी नळी ठिसूळही झालेली असते. कात्रीसारख्या पाइप कटरने कापल्यास ती उभी तडकते आणि तडा बोटभर आत जातो. म्हणून बारीक दातांच्या हॅक्सॉ पात्याने, दाब न देता, सावकाश कापावी. काप काटकोनात असावा. काठाची आतली कूस काढावी, बाहेरचा काठ कानशीने किंचित उतरता करावा. अन्यथा धारदार काठ कपलरमध्ये शिरताना लावलेले सारे सोल्युशन पुढे ढकलून नेतो. तडा दिसला, तर त्याच्या शेवटापासून किमान दोन बोटे पुढे पुन्हा कापावे.

यानंतर दोन्ही भाग पूर्ण कोरडे करावेत. येथे वेळापत्रकाने येणाऱ्या पाण्याचा एक फायदा आहे: पाणी गेल्यावर, नळी निथळून झाल्यावर काम हाती घेता येते. वरच्या टाकीचा कॉक बंद असूनही थेंब येत असतील, तर आधी तो कॉक दुरुस्त करावा, कारण ओल्या जोडाला काहीच धरत नाही. नळीवर सोल्युशनचा पुरेसा आणि कपलरमध्ये पातळ थर द्यावा, लगेच नळी आत घालून पाव वळसा फिरवावा आणि तळाला टेकल्यावर अर्धा मिनिट दाबून धरावे. सोडले तर ती हळूच मागे सरकते, हे अनुभवी कारागीरही विसरतात. कडेला सोल्युशनची सलग कड दिसावी. जादा पुसून टाकावे. सीपीव्हीसीला सीपीव्हीसीचेच सोल्युशन लागते. डबा उघडून घट्ट झालेले, तार सुटू लागलेले सोल्युशन पातळ करून वापरू नये, फेकून द्यावे. काम करताना खिडकी उघडी ठेवावी आणि जवळ शेगडी, निरांजन, विडी-काडी असू नये. या द्रावकांची वाफ पेट घेते. दाबाचे पाणी दुसऱ्या दिवशी सोडावे. घाई असली, तर एक रात्र बादलीच्या पाण्यावर काढणे परवडते.

नळी तापवून फुगवण्याच्या पद्धतीविषयी येथेच सांगितले पाहिजे. कारखान्यातही नळीचे टोक तापवूनच रुंद करतात. पण तेथे तापमान आणि साचा दोन्ही नियंत्रित असतात. मेणबत्तीवर नळी एका बाजूने करपते, दुसऱ्या बाजूने कच्ची राहते, आणि ताणलेल्या जागी तिची जाडी घटते. नवी नळी हे एक वेळ सोसते. वीस वर्षांची ठिसूळ नळी सहसा त्याच जागी पुन्हा फुटते.

आटे कोणाचे, कोणात

वेगवेगळ्या मापांच्या नळ्या एकमेकींना जोडण्याचा सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे आटे. राखाडी २० ची नळी, पांढरी अर्धा इंची आणि पिवळसर अर्धा इंची यांची बाहेरची मापे तीन असली, तरी तिन्हींसाठी एका टोकाला आपापले सॉकेट आणि दुसऱ्या टोकाला अर्धा इंची आटे असलेले जोड मिळतात. दुकानात बाहेरून आटे असलेल्याला एमटीए आणि आतून आटे असलेल्याला एफटीए म्हणतात. आटे सर्वांचे सारखेच, लोखंडी नळीचे. जुन्या राखाडी नळीवर २० चा एमटीए, नव्या सीपीव्हीसीवर अर्धा इंची एफटीए, मध्ये टेफ्लॉन टेप: कोडे सुटले.

यात एकच पथ्य आहे. बाहेरचे आटे शक्यतो प्लास्टिकचे आणि आतले धातूचे असावेत. लोखंडी निपल प्लास्टिकच्या एफटीएमध्ये पाइप रेंचने आवळला, तर पाचर ठोकल्याप्रमाणे तो एफटीए उभा चिरतो. लगेच नव्हे, दोन-तीन महिन्यांनी, आणि बहुधा भिंतीच्या आत. तोटी बसवायच्या जागी पितळी आटे बसवलेला जोडच घ्यावा. तो महाग असतो आणि त्या एका ठिकाणी पैसे वाचवू नयेत. टेप आट्यांच्या टोकाकडून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गुंडाळावी. उलट गुंडाळलेली आवळताना सुटत जाते. लोखंडाच्या सवयीने ताग आणि सफेदा प्लास्टिकच्या आट्यांत भरू नये, जाड थराने तेही चिरतात. आणि जुन्या राखाडी नळीवरच आटे पाडण्याचा मोह टाळावा. तिची जाडी मुळात एक-दोन मिलिमीटर. आटे पाडल्यावर उरते ती कागदासारखी.

पॉलिथिनच्या नळीसाठी सोल्युशन नाही आणि आटेही नाहीत. तिला आवळून धरणारा कॉम्प्रेशन जोड लागतो. त्यात एक नट, नळीला दात रोवणारी फाटकी कडी आणि पाणी अडवणारी रबरी रिंग असते. नळी रबरी रिंगेच्या पलीकडे जाणे हेच येथे महत्त्वाचे. ती अलीकडेच अडकली, तर जोड बाहेरून पक्का दिसतो आणि पाणी सोडताच निसटतो. म्हणून जोडाची खोली आधी मोजून नळीवर पेनाने खूण करावी आणि ती खूण नटापर्यंत पोचली की नाही ते पाहावे. जुन्या एचडीपीईवर लांबीच्या दिशेने ओरखडे असतात. पाणी त्यांच्यातून रिंगेखालून वाट काढते. गुळगुळीत जागा मिळेपर्यंत नळी कापत जावे, किंवा तेवढा भाग घासून साफ करावा. रिंगेला तेल, ग्रीस लावू नये. साबणाचे पाणी पुरते. नीट मापाचा हा जोड राखाडी पीव्हीसीवरही चालतो, मात्र ठिसूळ नळीवर नट रेंचने न आवळता हातानेच आवळून पाणी सोडून पाहावे.

सर्वांत अवघड प्रसंग असतो तो नळी मध्येच फुटते तेव्हा. दोन्ही टोके भिंतीत किंवा जमिनीत घट्ट बसलेली असतात, मागेपुढे सरकत नाहीत, आणि साधा कपलर चढवायला तर नळी सरकवावी लागते. अशा जागी युनियन वापरावा, किंवा आतील मधली कड नसलेला, नळीवर पूर्ण सरकणारा कपलर घ्यावा. दोन्ही मिळाले नाहीत, तर चार एल्बो वापरून नळीला बाजूने वळण द्यावे. दिसायला बरे नसते, पण नळीवर ताण राहत नाही. गच्चीवरच्या नळीला असे वळण उलट उपकारकच ठरते. दहा मीटर लांबीची पीव्हीसी नळी तापमानात तीस अंशांचा फरक पडला, तर सुमारे दोन सेंटिमीटरने लांब-आखूड होते. दोन्ही टोकांनी जखडलेली नळी दर उन्हाळ्यात त्याच जोडावर का सुटते, याचे उत्तर येथे आहे.

कुठे थांबावे

प्रत्येक जुनी नळी वाचवण्याजोगी नसते. नळीचा कापलेला तुकडा दोन बोटांत दाबून पाहावा. तो थोडा लवला, तर नळीत जीव आहे. काचेसारखा तडकला, तर आज एक जोड केला तरी महिनाभराने शेजारी दुसरा करावा लागेल. अशा वेळी तेवढा उघड्यावरचा भाग बदलणेच स्वस्त. जमिनीत गाडलेली, ऊन न लागलेली त्याच वयाची नळी मात्र पुष्कळदा ठणठणीत निघते. मिस्त्रीने ‘सगळी लाइन बदला’ म्हटले, तर गाडलेला भाग उघडून त्याचा एक तुकडा पाहिल्याशिवाय होकार देऊ नये.

गिझरच्या वाटेवर राखाडी किंवा पांढरी नळी आढळली, तर विचार न करता ती काढावी. पीव्हीसीची दाबाची हमी २७ अंश तापमानाला दिलेली असते. ४५ अंशांच्या पुढे ती वापरायचीच नाही. सीपीव्हीसी सुमारे ९३ अंशांपर्यंत टिकते.

जुन्या पीव्हीसीबाबत आणखी एक गोष्ट आहे, ती डोळ्यांना दिसत नाही. पीव्हीसी तयार करताना उष्णतेने ते बिघडू नये म्हणून पूर्वी शिशाची संयुगे मिसळत असत. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनी पाइप आणि जोडांतील त्यांचा वापर टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे ठरवले. त्याआधीची नळी असेल आणि घरात लहान मूल किंवा गर्भवती स्त्री असेल, तर रात्रभर नळीत साचलेले सकाळचे पहिले पाणी पिण्यासाठी न भरता कुंड्यांना किंवा फरशीला वापरावे. पिण्याच्या नळापुरती तरी नळी नवी घेता आली, तर उत्तम.

मीटरच्या अलीकडची नळी, म्हणजे मुख्य वाहिनीपासून मीटरपर्यंतची, घरमालकाने उघडू नये. ती महापालिकेच्या किंवा कटक मंडळाच्या अखत्यारीत येते आणि परवानाधारक नळकारागिराकडूनच तिचे काम करून घ्यावे लागते. मोठ्या नळीला परस्पर तापलेल्या सळईने भोक पाडून जोड घेण्याचे प्रकार आजही घडतात. त्या वेड्यावाकड्या भोकावर कोणतेच सॅडल नीट बसत नाही आणि गळतीची, पर्यायाने दूषित पाण्याची, वाट कायमची खुली राहते.

जोड पूर्ण झाल्यावर माती किंवा प्लास्टर लगेच लावू नये. पाणी येण्याच्या दोन पाळ्या जाऊ द्याव्यात, जोडाखाली कोरडा कागद ठेवावा आणि तो भिजतो का ते पाहावे. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांचे पाणी सोडून द्यावे, म्हणजे करवतीचा भुसा आणि द्रावकाचा वास निघून जाईल. तोट्यांच्या जाळ्या काढून धुवाव्यात. मग भिंत बंद करण्याआधी मीटरच्या पेटीच्या आत पक्क्या शाईने नळीचे द्रव्य, बाहेरचा व्यास आणि जोडाची तारीख लिहून ठेवावी. उरलेला वीतभर तुकडा त्याच पेटीत तारेने बांधून ठेवावा.